तिसरी घागर

४ नोव्हेंबर २०२४

रंजीताई,

आधी एकच सांग. तू जिती आहेस ना?

हसू नको, मी खरंच विचारते. नरक चतुर्दशीला सकाळी मंगलाकाकूच्या मोबाईलवर तुझा फोटो आला. काकू अंगणात रांगोळी घालत होती. तिनं फोटो उघडला अन ओरडली, "हाई काय व माय!" मोबाईल पार रांगोळीत पडला. मी भिंतीवरून बघत होते, जाऊन उचलला. तू होतीस. तोंड चुन्यासारखं पांढरं, डोळ्यांभोवती काळं काळं, ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीपर्यंत. अंगावर पांढरी चादर. मागं एक लाल भोपळा, त्याला डोळे अन दात कोरलेले, आत दिवा. खाली सुरतचा पत्ता. बाकी एक अक्षर नाही.

नऊ महिन्यांनी तुझं तोंड दिसलं ते असं.

काकूनं त्या नंबरवर लावून बघितलं, कोणी उचललं नाही. काकू म्हणते, भुताले पत्ता कशाला लागतो, जितीच शे. पण माझं समाधान होत नाही. का होत नाही ते तुला सांगितलं पाहिजे.

तू घरातून पळून गेलीस त्याच्या दहाव्या दिवशी आप्पांनी तुझा दहावा केला. सारंगखेड्याला, तापीवर. कणकेची बाहुली केली, तिला तुझी पोपटी ओढणी गुंडाळली अन जाळली. आप्पांनी डोक्यावरचे सगळे केस काढले. गावातले तीस-चाळीस लोक होते. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपाईन मन्ही एकच पोर शे. ममता." कावळ्याचं नंतर सांगीन. बहुतेक नाही सांगणार.

मग अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, आप्पांनी कुंभाराकडून तीन घागरी आणल्या. एक आजाची, एक आजीची, एक तुझी. तुझी सगळ्यात लहान. तिच्यात पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, तुझ्या नावानं निखाऱ्यावर घास टाकला.  मी बघत होते.

 तेव्हापासून माय रोज दिवेलागणीला मागच्या दाराच्या पायरीवर ताटली ठेवते. भाकर, भाजी, वाटीत पाणी. सकाळी रिकामी असते. मांजर खाते. मला माहीत होतं, मायलाही माहीत होतं, आम्ही दोघी त्यावर बोलत नव्हतो. फोटो आल्यापासून मला माहीत नाही कोण खातं.

फोटो मी मायला दाखवला. मला वाटलं ती पडेल. तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला, लई वेळ बघितलं, अन म्हणाली, "कितली वाळी गयी मन्ही पोर. तठे जेवाले नही भेटत का?" मग उठून त्या दिवशी ताटलीत दोन चकल्या अन एक अनारसा जास्तीचा ठेवला.

काकू म्हणते मोबाईलमध्येच बोलून पाठव. तुला माझं माहीत आहे. त्या माईकवर बोट ठेवलं की माझा आवाज निघत नाही. म्हणून नववीच्या भूगोलाच्या वहीची कोरी पानं फाडून लिहिते. तू गेलीस त्याच आठवड्यात आप्पांनी माझी शाळा बंद केली, त्यामुळं कोरी पानं भरपूर आहेत. पत्र काकू सारंगखेड्याला टाकणार आहे.

जिती असशील तर काहीतरी पाठव. नसशील तरी पाठव.

ममता


१९ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझा आवाज ऐकला. काकूनं मोबाईल माझ्या कानाला लावला अन तू आधी हसलीस. तेच, नाकातून. मी सहा वेळा लावायला सांगितलं. सातव्या वेळी काकू म्हणाली, "बॅटरी सरी जाई व माय."

मग तू म्हणालीस, "तुमच्यासाठी मी भूतच ना? मग म्हटलं भुताचाच फोटो पाठवू." बरोबर आहे तुझं. दुखलं पण.

म्हणजे तुला दहाव्याचं कळलं होतं. कोणी सांगितलं ते विचारत नाही.

तू तिकडं लहान पोरांच्या इंग्रजी शाळेत आया आहेस, अन धर्मेंद्र (दाजी म्हणू का?) साडीच्या कारखान्यात आहेत, हे मायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पोरांना भुतं करून नाचवलं अन बायांनाही रंगवलं, हेही सांगितलं. हॅलोविन. हे नाव मी काकूला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दिवायीमा भूत? काय अवदसा!" तुमच्या शाळेतला तो एका पोराचा बाप असंच भांडला म्हणालीस ना, ऐन सणात भुतं कशाला म्हणून. अन दुसऱ्या पोराची आई त्याला म्हणाली, मजा आहे हो, चॉकलेट घ्या.

तुझ्या मॅडमनं सांगितलेली गोष्ट मी वहीत लिहून ठेवली. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं. समुद्रापलीकडं आयर्लंड म्हणून थंडीचा मुलूख. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं पीक घरात आलं, गुरं डोंगरावरून खाली आली की वर्ष संपायचं. त्या दिवशी मेलेली माणसं आपापल्या घरी येतात असं ते मानायचे. मोठ्या शेकोट्या करायचे. येणाऱ्यांसाठी खायचं ठेवायचे. अन सोबत नको ते पण हिंडतं, त्यानं ओळखू नये म्हणून तोंडं लपवायचे, कातडी पांघरायचे. पुढं चर्चवाल्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या संतांचा सण लावला, पण लोकांनी आदला दिवस सोडला नाही. दिवे आधी सलगमचा कंद कोरून करायचे. अमेरिकेत गेले तिथं भोपळा मिळाला, मोठा, कोरायला सोपा. आता नुसतं सोंग राहिलं, मॅडम म्हणतात, भीती कोणाला उरली नाही.

मायला मी सगळं वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग ती त्यासनी आखाजीच शे."

मला एक कळत नाही ताई. मेलेल्यांसाठी जेवण ठेवायचं अन त्याच दिवशी तोंडही लपवायचं. आपल्या घरात जेवण माय ठेवते. तोंड लपवणारी मी आहे. दहाव्यापासून मी तोंडाला ओढणी बांधल्याशिवाय मागच्या दारी जात नाही. मायला सांगते ऊन लागतं. दिवेलागणीला कसलं ऊन?

भिंतीवर एक कावळा येऊन बसतो. मी त्याच्याकडं बघत नाही.

ममता


२० डिसेंबर २०२४

ताई,

काल जे झालं ते लगेच लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सारंगखेड्याची यात्रा चालू आहे. काकांचा नवनीत घोडे बघायला म्हणून गेला अन रबराचं भुताचं तोंड घेऊन आला. घोड्यांच्या लगामाच्या दुकानाशेजारी आता असलं पण मिळतं. पांढरं, तोंड वासलेलं. त्यानं तुझ्या फोटोचं काकूकडून ऐकलं होतं. दिवेलागणीला ते तोंड चढवलं, चादर घेतली, अन मला भिववायला मागच्या पायरीवर येऊन उभा राहिला. मायच्या ताटलीजवळ.

मी चुलीपाशी होते. पण मागं गेले आप्पा, पाय धुवायला.

खिडकीतून मला दिसत होतं. आप्पा थांबले. हातात पाण्याचा तांब्या. ओरडले नाहीत, मागं सरले नाहीत. उभेच. मग एकदम हळू म्हणाले,

"रंजी?"

रबराचं तोंड तसंच वासलेलं.

आप्पा एक पाऊल पुढं गेले. "उनी का माय?"

तू आलीस का हे विचारताना निघाला तसा आवाज मी आप्पांचा कधी ऐकला नव्हता. लहानपणी मला विंचू चावला तेव्हाही नाही. तव्यावरची भाकर जळली, मला कळलं नाही.

नवनीतनं घाबरून तोंड ओढून काढलं. "काका, मी शे, मी! नवनीत!" अन हसला, त्याला सुचलं नाही दुसरं. आप्पांनी सगळा तांब्या त्याच्या तोंडावर फेकला. "दोन लेकरेसना बाप व्हयना तू! लाज वाटस का?" नवनीत चपला सोडून पळाला. चपला अजून आमच्याकडं आहेत.

आप्पा जेवले नाहीत. दात दुखतो म्हणाले. मायनंही ऐकलं होतं.

अन आज संध्याकाळी ताटलीवर झाकण होतं. मांजर येऊ नये म्हणून वर दगड. मायनं नाही ठेवलं. मी नाही ठेवलं.

ताई, ते वाट बघतात. तोंडानं कधीच बोलवणार नाहीत. इतक्या लोकांसमोर डोकं काढलं आहे, आता कसे बोलवतील? तू आपण होऊन ये.

ममता


१३ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझा शेवटचा निरोप पाठ झाला आहे माझा. "मेलेल्या माणसाला एसटीत तिकीट कोण देतं? आप्पांनी मारलं, आप्पांनी बोलवावं." त्यानंतर दीड महिना काही नाही. काकू माझ्याकडं बघून मान हलवते, मी परत भिंतीवरून खाली उतरते.

आज तुझ्या दहाव्याला एक वर्ष झालं. म्हणून कावळ्याचं सांगते.

त्या दिवशी माय उठली नाही. कोपऱ्याकडं तोंड करून पडून होती. घरातली एक तरी बाई पाहिजे म्हणून मला नेलं. नदीवर भाताचे पिंड मांडले, सगळे लांब जाऊन बसले. कावळा येईना. येईल कसा, तू जिती होतीस. हे मला आता कळतं. तेव्हा कोणीच हे म्हटलं नाही. सगळे खरोखरच्या मयताला बसतात तसे बसले होते. ऊन चढलं. काका म्हणाले, जीव कशात तरी अडकना शे, काहीतरी बोला. मग एकेक जण उठून बोलायला लागला. आप्पा म्हणाले, तुझं नाव घरात निघणार नाही. कावळा आला नाही. काका म्हणाले, तुझ्यामागं कोणी येणार नाही, सुखानं राहा. नाही आला. पलीकडच्या बाभळीवर चार कावळे होते, हलले नाहीत.

मग कोणीतरी म्हणालं, "जिनावर तिना जीव व्हता तिले बोलाले सांगा. लहानीले सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुला माहीत आहे, वर्गात हजेरीला मी "हजर" म्हणायची तेही बाईंना ऐकू जायचं नाही. मी ओढणी तोंडात धरली अन म्हणाले, "ताई, परत येऊ नको. मी आहे घरी."

अन तो उतरला. एकच. पिंडाला चोच लावली.

लोक उठले, धोतरं झटकली. "सुटी गयी," म्हणाले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. जन्मात कोणी माझा आवाज ऐकला नव्हता, त्या दिवशी कावळ्यानं ऐकला.

म्हणून तुझा फोटो आला तेव्हा मी विचारलं, जिती आहेस का. काकूला वाटलं मी येडी आहे. पण मी म्हणाले येऊ नको, अन तू सुटलीस. आप्पांनी नाही मारलं तुला. आप्पांनी नुसती कणीक जाळली. माझ्या शब्दाला तो उतरला.

आता तुला वाटलं तर निरोप पाठव. नाही पाठवला तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजून घेईन.

ममता


१२ एप्रिल २०२५

ताई,

दोन महिन्यांनी तू एवढंच विचारलंस, "तेव्हा तू रागानं म्हणालीस का मायेनं?"

चार दिवस विचार केला. दोन्ही. तू जाताना मला सांगितलं नाहीस याचा राग होता. माझी शाळा तुझ्यापायी गेली याचा होता. अन परत आलीस तर हे लोक तुझं काय करतील याची भीती पण होती. एकाच वाक्यात सगळं होतं, मला वेगळं करता येत नाही.

आता माझं ऐक. तीस तारखेला आखाजी आहे.

आखाजीला आपल्याकडं दोघं घरी येतात. लगीन झालेल्या पोरी अन मेलेले. कडुलिंबाला झोके बांधले आहेत, पोरी यायला लागल्या, सगळ्या गल्लीत पिशव्या घेतलेल्या बाया. त्यात तू डोक्यावर पदर घेऊन आलीस तर कोणाला वेगळं वाटणार नाही. अन आप्पांनी परवा कुंभाराला सांगितलं आहे, तीन घागरी. तिसरी तुझी. ज्याच्या नावानं घागर भरली त्याला दाराशी कोणी अडवत नाही. आप्पा तर नाहीच अडवू शकत. त्यांनीच भरली आहे.

तू म्हणालीस आप्पांनी बोलवावं. ताई, घागर भरतात ते बोलवणंच आहे ना? तुझ्या मॅडमच्या त्या मुलखातही दारात जेवण ठेवत होते ते कशाला?

दोंडाईच्यावरून साडेअकराची एसटी आहे. मागच्या दारानं ये. तोंड रंगवू नको. मी पण ओढणी बांधणार नाही.

मायला मी सांगितलं नाही. तिनं काल आपणहून मागची पायरी शेणानं सारवली.

ममता


१ मे २०२५

ताई,

तुला दिसलं तेवढं तू बघितलंस. न दिसलेलं लिहिते.

तू मागच्या दारात उभी राहिलीस तेव्हा आप्पांची पाठ तुझ्याकडं होती, म्हणून तुला वाटलं त्यांना कळलं नाही. त्यांना माय "उनी" म्हणाली त्याच्या आधी कळलं होतं. मी समोर होते, तूप घेऊन. आजाचा घास टाकून झाला होता, आजीचा टाकून झाला होता. तिसरा हातात होता, पुरणपोळीचा. तुझी चप्पल वाजली अन तो हात निखाऱ्यावर तसाच थांबला. चटका बसत असेल. काढला नाही.

मग ते निखाऱ्याकडं बघूनच म्हणाले, "इतला उन्हमाईन उनी व्हई. पानी दे तिले." अन मी माठाकडं वळले तर म्हणाले, "तिनी घागरमाईन दे."

मी खरबूज उचलून खाली ठेवलं. अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं, तू बघितलंस. तू पिलीस. काकू सांगते, भूत पाणी पितं तेव्हा त्याचा गळा हलत नाही. मी फक्त तुझा गळा बघत होते. हलत होता. तेवढ्यासाठी मी रडले, तुला वाटलं असेल दुसऱ्या कशासाठी.

तू घरात आली नाहीस, पायरीवरच बसलीस, मायनं तिथंच तुला जेवायला वाढलं, केसांत बोटं घालून बसली. तिनं एकदा विचारलं का, तुला कोणी त्रास देतं का म्हणून? मला ऐकू आलं नाही. दोन तास तू होतीस अन आप्पा पाटावरून उठले नाहीत. वळले नाहीत. तुला राग आला असेल. पण ताई, आखाजीचा घास टाकून झाला की माणूस लगेच उठतो. ते उठले नाहीत, कारण तिसरा टाकलाच नव्हता.

तू तीनच्या एसटीला गेलीस. मग ते वळले. पायरीवरचं ताट बघितलं, रिकामं. तू सांजोरीची कड सोडलीस, लहानपणापासून सोडतेस. आप्पांनी ती कड उचलली अन खाल्ली. माझ्याकडं न बघता. निखारे केव्हाचे विझले होते. हातातला घास वाळून कडक झाला होता, तो त्यांनी परत ताटात ठेवला.

कावळा भिंतीवर होता. मी पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. म्हटलं, "जा." मोठ्यानं निघालं. शेजारून काकू ओरडली, "कोन बोलनं व? ममता?"

संध्याकाळी माय घागरी आवरत होती. आप्पा खाटेवर आडवे, डोळ्यांवर हात. एकदम म्हणाले,

"पुढला सालले दोनच घागरी आनजो."

 आजाची अन आजीची मायनं नेहमीसारखी फळीवर ठेवली. तिसरी हातात घेऊन उभी राहिली, तिला कळेना ती कुठं ठेवायची. मी तिच्या हातून घेतली अन पाण्याच्या जागी ठेवली, माठाशेजारी.

आज सकाळी आप्पांनी तिच्यातलंच पाणी पिलं.

ममता